तिव्होलीचें उद्यान आणि तांबडा खडू

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, पत्रें, सनदा आणि शिलालेख एवढींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. चित्रकारानें उघड्यावर बसून काढलेल्या रेखाटनांस त्या पंक्तींत बसविण्यास आपण सहसा तयार नसतों. रोमच्या पूर्वेस सुमारें ३० किलोमीटरांवर, तिव्होली गांवीं, व्हिला देस्ते नांवाचें जें उद्यान आहे, त्याच्या बाबतींत हा संकोच सोडावा असें आम्हांस वाटतें.

कार्डिनल इप्पोलितो देस्ते हा १५५० सालीं तिव्होलीचा गव्हर्नर झाला आणि पीर्रो लिगोरिओ याच्या योजनेप्रमाणें त्यानें तेथील टेकडीच्या उतरणीचें रूपच पालटलें. आनिएने नदीचें पाणी गांवाखालून बोगद्यानें आणून कारंजीं खेळविलीं. त्यांत पंप एकही नाहीं, सारी करामत उताराची. (औरंगाबादची पाणचक्की ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ही युक्ति निराळी सांगावयास नको.) एका कारंज्यांत तर पाण्याच्या बळावर ऑर्गन वाजे. सम्राट् हेड्रिअनच्या जवळच्याच भग्न प्रासादांतील पुतळेही येथें आणून मांडले होते. पुढें मालकांचें लक्ष उडालें, अठराव्या शतकांत पुतळे विकले गेले, आणि सुरूचे वृक्ष मनास येईल तसे वाढले.

अशा पडत्या काळांत, १७६० च्या उन्हाळ्यांत, फ्रागोनार हा अठ्ठावीस वर्षांचा फ्रेंच तरुण तेथें राहावयास आला. सां-नों नांवाच्या कलाप्रेमी आबेनें ती वास्तु त्या मोसमापुरती मिळविली होती. फ्रागोनार रोममधील फ्रेंच अकादमीचा विद्यार्थी. तेथील संचालक नातोआर याची त्याच्याविषयीं तक्रार अशी कीं, पोरास धीर नाहीं, म्हणून जुन्या चित्रांच्या नकला बिनचूक उतरत नाहींत. पण विद्यार्थ्यांनीं भिंतींबाहेर पडून निसर्ग रेखाटावा, असा आग्रह धरणारा गुरुही हाच! नकलेंत जो दोष ठरला, तोच उद्यानांत गुण ठरला असें आमचें मत आहे.

उघड्यावर चित्र काढावयास ज्यांनीं कधीं बैठक मारली आहे, त्यांस ठाऊक असतें कीं सावली कोणासाठीं थांबत नाहीं. तेथें रेंगाळणाऱ्या हाताचा उपयोग नाहीं. फ्रागोनारनें हातीं घेतला तो तांबडा खडू, म्हणजे आपल्या गेरूच्याच जातीची माती. त्यास पाणी लागत नाहीं, भांडें लागत नाहीं, वाळण्याची वाट पाहावी लागत नाहीं. मात्र एकदां उमटलेली रेघ सहजीं पुसली जात नाहीं. पानांचे झुबके त्यानें नागमोडी रेघांनीं भराभर उठविले, आणि जेथें ऊन पडलें होतें तेथें कागद कोराच ठेवला. मोठ्या सुरूंच्या रेखाटनांत आपण खालून वर पाहतों: दोहों बाजूंस प्रचंड वृक्ष, त्यांच्या फटींतून वर कार्डिनलचा महाल, आणि तळाशीं मुंग्यांएवढीं माणसें. वृक्ष त्यानें कांहींसे वाढवूनच दाखविले असावेत. मोजमापास हीं चित्रें साक्षीदार म्हणून उभीं करूं नयेत. बागेवर रान कसें चढलें होतें, हें मात्र हिशेबाच्या वह्या इतक्या स्पष्टपणें सांगणार नाहींत.

या मोठ्या रेखाटनांपैकीं दहा फ्रान्समधील बझांसों येथील संग्रहालयांत आहेत. पिएर-आद्रियें पारी या वास्तुशिल्पज्ञाच्या मृत्युपत्रानें १८१९ सालीं तीं त्या गांवास मिळालीं. पहिल्या महायुद्धानंतर उद्यान इटालियन सरकारकडे आलें, कारंजीं पुन्हां वाहूं लागलीं, आणि २००१ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. ही डागडुजी हवीच होती. तिच्यावांचून लिगोरिओची मूळ योजना आज कोणास उमजली असती? पण या नीटनेटक्या बागेंत १७६० ची बाग शोधूं जाल तर ती सांपडणार नाहीं.

फ्रागोनारनें पुढें याच रेखाटनांवरून ‘लहान उपवन’ हें तैलचित्र केलें. तें लंडनच्या वॉलेस संग्रहांत आहे. चित्र मोठें रम्य आहे खरें, पण रंगशाळेंत बसल्यावर कल्पनेस मोकळें रान मिळालें आणि तिव्होली जवळजवळ नाहींसें झालें. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकानें खडूच्या कागदांपाशींच थांबावें. तैलचित्र त्याच्या कामाचें नाहीं.