तेलाचें टॅपेट आणि चुकलेली जागा

यंत्रांच्या इतिहासांत चांगली कल्पना चुकीच्या जागीं बसविली गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. अशा प्रसंगीं दोष जागेचा असला तरी लोक तो कल्पनेच्या माथीं मारतात आणि उपयोगी वस्तु अडगळींत पडते. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं १९०३ सालीं स्थापन झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कारखान्यानें १९४८ मध्यें जें नवें मोटार-सायकलचें एंजिन बाजारांत आणलें, त्याची हकीकत या दृष्टीनें मनन करण्यासारखी आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या अशा एंजिनांत प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत येतें, दुसरीतून जळालेला वायु बाहेर जातो. खालीं फिरणारा कॅम टॅपेटला उचलतो. टॅपेट पुशरॉड नांवाच्या लांब दांड्याला वर लोटतें. दांडा रॉकरला ढकलतो आणि रॉकर झडप दाबून उघडतो. या सांखळींत किंचित् मोकळीक असावी लागते. ती मुळींच नसली तर झडप पुरती मिटत नाहीं, तापलेला वायु तिच्या कडेनें निसटतो आणि कड जळून जाते. उलट मोकळीक फार झाली तर धातूवर धातु आपटून टकटक सुरू होते, झडप उशिरां उघडते व लवकर मिटते. जुन्या बुलेट गाडीचें टॅपेट बसवितांना, एंजिन थंड असतां, पुशरॉड बोटांनीं सहज फिरतो कीं नाहीं हें पाहणारा कारागीर महाराष्ट्रांत अनेकांनीं पाहिला असेल. तो हीच मोकळीक राखीत असतो.

अडचण येते ती उष्णतेमुळें. या कारखान्याच्या १९३६ ते १९४७ पर्यंतच्या एंजिनाचे माथे बिडाचे होते. बीड उष्णता लवकर सोडीत नाहीं, म्हणून १९४८ मध्यें माथे अ‍ॅल्युमिनियमचे करण्यांत आले. झडपांवरील झांकणें पालथ्या परातीसारखीं दिसत, त्यावरून लोकांनीं या एंजिनाला ‘पॅनहेड’ असें नांव ठेवलें. अ‍ॅल्युमिनियम उष्णता चटकन् सोडतें खरें, पण तापल्यावर तें लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतें. शंभर मिलिमीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा शंभर अंश सेंटिग्रेडनें तापविला तर तो सुमारें ०.२३ मिलिमीटर वाढतो. तेवढाच लोखंडाचा तुकडा सुमारें ०.१२ मिलिमीटर वाढतो. हा फरक डोळ्यांना दिसण्यासारखा नाहीं. परंतु टॅपेटची सारी मोकळीक याच मापाची असते. एंजिन तापलें कीं माथा वर सरकतो, पोलादी पुशरॉड त्या मानानें मागें राहतो आणि थंडपणीं बरोबर बसविलेली फट वाढते. ज्या धातूनें माथा थंड राखला त्यानेंच टॅपेटचा हिशोब बिघडविला.

यावरचा उपाय नवा नव्हता. फ्रान्समधील ल माँ येथील आमेदे बोले यानें तेलाच्या दाबानें ही फट आपोआप भरून काढण्याची युक्ति १९१० च्या सुमारास मांडली होती, आणि अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें १९३० सालच्या आपल्या सोळा सिलिंडरांच्या मोटारींत तशी योजना केली होती. हिलाच हायड्रॉलिक लिफ्टर म्हणतात. कारागिरांच्या बोलींत तेलाचें टॅपेट. त्याची रचना साधी आहे. एका लहान नळकांड्यांत अगदीं नेमका बसणारा दट्ट्या, त्याच्या खालीं स्प्रिंग, आणि तेल आंत घेणाऱ्या भोंकावर एक बारीक गोळी. झडप मिटलेली असतां स्प्रिंग दट्ट्याला वर सारून सर्व फट भरून टाकते आणि मोकळ्या झालेल्या जागेंत तेल येतें. कॅम टॅपेटला उचलूं लागला कीं गोळी भोंक बंद करते. कोंडलेलें तेल दबत नाहीं, म्हणून सबंध सांखळी एकसंध लोखंडासारखी वागते. प्रत्येक उचलीबरोबर थोडें तेल दट्ट्याच्या कडेनें झिरपतें आणि झडप मिटतांच पुन्हां भरतें. एंजिन तापो वा निवो, फट शून्यच राहते.

युक्ति उत्तम होती. जागा मात्र चुकली. १९४८ पासून १९५२ पर्यंतच्या पॅनहेड एंजिनांत हे तेलाचे तुकडे पुशरॉडच्या वरच्या टोकाला, रॉकरच्या निकट बसविलेले होते. तेलाचा पंप तळाशीं. तेथून माथ्यापर्यंत अरुंद वाटांनीं चढतां चढतां तेलाचा दाब उतरे. शिवाय एंजिनाचा सर्वांत तापलेला भाग तोच, त्यामुळें तेथें पोंचलेलें तेल पातळ झालेलें असे. अशा तेलावर दट्ट्या नीट उभा राहात नसे. एंजिन सुरू करतांच माथ्यांतून टकटक ऐकूं येई, आणि ज्या आवाजापासून सुटका व्हावी म्हणून हा खटाटोप केला तोच आवाज मालकाच्या कानीं पडे.

त्या वेळीं ही गोष्ट किरकोळ नव्हती. महायुद्धानंतर इंग्लंडमधून हलक्या व चपळ मोटार-सायकली अमेरिकेंत मोठ्या संख्येनें येत होत्या. स्प्रिंगफील्ड येथील ‘इंडियन’ नांवाच्या जुन्या प्रतिस्पर्धी कारखान्यानें १९५३ मध्यें उत्पादन थांबविलें, इतके ते दिवस कठीण होते. जड, महाग आणि शिवाय टकटकणारी गाडी कोणी कां घ्यावी, असा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनांत येणें स्वाभाविक होतें. कित्येक मालकांनीं तेलाचे तुकडे काढून त्यांच्या जागीं भरीव तुकडे घातले आणि फट पुन्हां हातानें राखणें पसंत केलें. तेलाचें टॅपेट म्हणजे थोतांड, असें मत त्यांतून पसरलें.

कारखान्यानें मात्र कल्पना सोडली नाहीं; तिची जागा बदलली. १९५३ मध्यें तेलाचे तुकडे पुशरॉडच्या खालच्या टोकाला, टॅपेटच्या जवळ आणले गेले. तेथें पंप जवळ, तेल ताजें आणि दाब पुरेसा. तीच गोळी, तीच स्प्रिंग, तोच दट्ट्या. पण काम सुरळीत होऊं लागलें. पांच वर्षें ज्या वस्तूवर दोषारोप झाला ती वस्तु निर्दोष होती, हें केवळ जागा बदलल्यानें सिद्ध झालें.

तथापि आपोआप चालणारी वस्तु माणसाच्या हाताशिवाय बसत नाहीं. १९५३ नंतरच्या पॅनहेडमध्यें तेलाचे तुकडे बदलतांना कारागिराला कांहीं नियम काटेकोरपणें पाळावे लागतात. नळकांडें व दट्ट्या हे परस्परांना मोजून जुळविलेले जोडीदार असतात. एकाचा दट्ट्या दुसऱ्यांत घातल्यास तेल भलतेंच झिरपतें, म्हणून बदलावयाची ती जोडीच. गोळीखालीं कचऱ्याचा एक कण अडकला तरी तेल कोंडत नाहीं, म्हणून प्रत्येक भाग धुऊन स्वच्छ करावयाचा. मग एंजिन थंड असतां ज्या झडपेचें काम चाललें असेल तिचें टॅपेट अगदीं खालच्या स्थितींत आणावयाचें. टॅपेटवरील स्क्रू आधीं उतरवून पुशरॉड सैल करतात. नंतर तो सावकाश वर फिरवीत खडखड संपेल तेथें थांबतात आणि तेथें खूण करतात. त्या खुणेपासून स्क्रू आणखी चार पूर्ण फेरे वर चढवावयाचा आणि चिमटी-नट आवळावयाचा. या चार फेऱ्यांनीं दट्ट्या आपल्या हालचालीच्या मध्यावर येतो. म्हणजे एंजिन तापून फट वाढली तरी वर सरकण्यास आणि निवल्यावर खालीं उतरण्यास त्याला जागा राहते.

याच ठिकाणीं उतावळा कारागीर फसतो. चार फेरे दिल्यावर कोंडलेल्या तेलावर भार पडतो, झडप किंचित् उघडी राहते, आणि तेल झिरपून दट्ट्या खालीं बसण्यास कांहीं वेळ लागतो. तोंवर एंजिन फिरवावयाचें नाहीं. पुशरॉड बोटांनीं फिरूं लागला म्हणजे झडप मिटली असें समजावें आणि मगच पुढच्या झडपेकडे वळावें. एकूण झडपा चार; घाई केली तर काम लवकर आटोपल्यासारखें दिसतें, पण वांकलेल्या पुशरॉडचा किंवा जळलेल्या झडपेचा भुर्दंड मागून येतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ टकटक ऐकूं आली तर तींत बिघाड नसतो, कारण निथळलेलें तेल पुन्हां भरावयाचें असतें. आवाज थांबलाच नाहीं तर आधीं तेलाची पातळी व तेलाची वाट तपासावी, मग गोळी, मग जोडीची झीज. भरीव तुकड्यांचा विचार त्यानंतर.

पॅनहेड एंजिनाचें उत्पादन १९६५ मध्यें संपलें आणि १९६६ पासून दुसरें एंजिन आलें. तेलाचें टॅपेट मात्र तळाशींच राहिलें. १९८४ च्या ‘इव्होल्यूशन’ एंजिनांत तर भागांचीं मापें इतकीं नेमकीं झालीं कीं, पुशरॉडची लांबी हातानें जुळविण्याची सोय कारखान्यानें ठेवलीच नाहीं. बुलेटच्या घराण्यांतही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नव्या एंजिनानें हीच पद्धति स्वीकारली.

पण जगांत ठिकठिकाणीं जतन केलेल्या पॅनहेड गाड्यांना ही सवलत नाहीं. त्यांच्यासाठीं आजही कुणीतरी स्क्रूचे चार फेरे मोजतो, पाना खालीं ठेवतो आणि तेल झिरपेपर्यंत स्वस्थ बसतो.