अधिसत्ता, महासत्ता आणि लोकसत्ता
(हैदराबाद संस्थानच्या विलीनीकरणाचा बीड जिल्ह्याच्या दृष्टीने एक विचार)

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड या गावाचे नाव राजकीय इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत शोधू गेल्यास बहुधा हाती काही लागणार नाही. तथापि १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे ज्या प्रदेशाचा प्रश्न आला, त्या प्रदेशात हे गाव होते. त्या दिवशी जगातील प्रबळ राष्ट्रांचे प्रतिनिधी हैदराबादविषयी बोलत होते. दिंद्रुडच्या कुणब्यास मात्र आपले राज्य कोणी व कसे चालवावे याविषयी सार्वत्रिक मताधिकाराने मत देण्याची संधी तोपर्यंत एकदाही मिळालेली नव्हती. बाहेरील बलाढ्य सत्ता, स्थानिक राज्यकर्ता आणि प्रजा या तिघांचा परस्परसंबंध दीडशे वर्षांत कसकसा बदलत गेला, आणि लोकशाही नेमकी केव्हा व कशाने आली, याचा शोध या गावाच्या परिसरातून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निजाम व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १७९८ मध्ये तैनाती फौजेचा तह झाला. या तहाने निजामाने परराष्ट्रव्यवहाराचे स्वातंत्र्य गमावले हे सर्वश्रुत आहे. त्याने मिळविले काय, याची चर्चा त्या मानाने कमी झाली आहे. त्याने अभय मिळविले, आणि ते केवळ परचक्रापासूनचे नव्हते. स्वतःच्या प्रजेपासूनचेही होते. १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापराव यांनी उठाव केला, तेव्हा तो मोडण्यास इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालील फौज धावून आली. पुढे १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. याच फौजेच्या घोडदळाची एक छावणी दिंद्रुडच्या दक्षिणेस अंबाजोगाई येथे होती. त्या गावास तेव्हा मोमिनाबाद म्हणत. म्हणजे साम्राज्याची सत्ता ही या मुलखातील रयतेला केवळ कानांवर येणारी गोष्ट नव्हती. तिच्या घोड्यांच्या टापा घराजवळ ऐकू येत होत्या.

या संबंधास पुढे अधिसत्तेचे शास्त्रीय रूप देण्यात आले. अधिसत्ता म्हणजे संस्थानिकांवर चालणारा ब्रिटिश राजसत्तेचा अंतिम अधिकार. त्याची मर्यादा लेखी करारांनी बांधलेली नव्हती. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना पहिल्या महायुद्धातील साहाय्याबद्दल ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त हा किताब मिळाला. परंतु वऱ्हाडच्या प्रश्नावर त्यांनी बरोबरीचा दावा सांगताच व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ च्या पत्राने तो साफ फेटाळला. हिंदुस्थानातील कोणताही संस्थानिक ब्रिटिश सत्तेशी समान पातळीवरून वाटाघाट करू शकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

१९२९ मधील बटलर समितीचा अहवाल याहून अधिक बोलका आहे. अधिसत्ता श्रेष्ठच राहिली पाहिजे, असे समितीने प्रतिपादिले. प्रजेकडून व्यापक प्रमाणावर बदलाची मागणी झाली तर काय करावे, याचाही तिने विचार केला. राजाचे हक्क व प्रतिष्ठा राखणे हे अधिसत्तेचे कर्तव्य आहे. मात्र राजाला दूर न सारता ती मागणी भागेल असे उपाय तिने सुचवावेत, असा समितीचा अभिप्राय पडला. येथे तत्त्व उघड होते. प्रजेचे समाधान हा सल्ल्याचा विषय ठरला आणि राजाचे संरक्षण हा कर्तव्याचा. ज्या राष्ट्राने स्वतःच्या भूमीवर पार्लमेंटची परंपरा वाढविली, त्यानेच परक्या भूमीवर हे तत्त्व स्वीकारावे यात वरवर पाहता विसंगती दिसते. वस्तुतः ती साम्राज्याची सोय होती. एका राजाशी व्यवहार करणे सोपे असते, दीड कोटी प्रजाजनांशी करणे अवघड असते.

या अभयाचा परिणाम राज्यकारभारावर झाल्यावाचून राहिला नाही. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे संस्थानची लोकसंख्या सुमारे एक कोटी त्रेसष्ट लक्ष होती. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी असताना कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. सभाबंदीसाठी गश्ती निशान ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेला हुकूम होता. १९३९ मध्ये घटनात्मक सुधारणा जाहीर झाल्या, पण त्यांत मतदानाचा पाया प्रादेशिक नसून व्यावसायिक हितसंबंधांचा होता, शिवाय हिंदू व मुसलमान प्रतिनिधींची संख्या समान ठेवण्यात आली होती. कायदेमंडळास कार्यकारी सत्ता जबाबदार नव्हतीच.

अशा स्थितीत नेतृत्व कोठून निर्माण होणार? ते शाळांतून निर्माण झाले. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. १९३२ मध्ये संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी काम केले. ज्या गावी एकेकाळी साम्राज्याची छावणी होती, त्याच गावी साम्राज्याच्या आश्रिताविरुद्धचे कार्यकर्ते घडू लागले. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. या नेतृत्वाची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. ती मान्य झाल्यास राजास अभय देणाऱ्या बाह्य सत्तेचे प्रयोजनच उरत नव्हते, हे तिचे मर्म होय.

१९४७ मध्ये अधिसत्ता संपली. कॅबिनेट मिशनने मे १९४६ मध्येच सांगितले होते की, ही सत्ता नव्या सरकारकडे सोपविली जाणार नाही. ती लोप पावेल. यातून कायद्याच्या दृष्टीने एक पोकळी उत्पन्न झाली. ती पोकळी म्हणजे आपले स्वातंत्र्य, असा अर्थ निजामाने लावला. प्रजेच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा होता : राजाला मिळालेले हे स्वातंत्र्य कोणापासून? इंग्रजांपासून, भारतापासून, की प्रजेपासूनही?

पुढील तेरा महिन्यांचा इतिहास पाहता निजामाचे सरकार एका बाह्य आधाराच्या जागी दुसरा शोधीत होते, असेच म्हणावे लागते. प्रथम ब्रिटिश राष्ट्रकुलात स्थान मागून पाहिले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी जैसे थे करार केला; तो चालू असताना पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि सिडनी कॉटन या वैमानिकामार्फत कराचीहून शस्त्रे आणविली. लंडनमध्ये विरोधी पक्षनेते चर्चिल यांनी हैदराबादची बाजू उचलून धरली. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी मध्यस्थी करावी अशी विनंती करण्यात आली. ती मान्य झाली नाही. अखेर ऑगस्ट १९४८ मध्ये प्रकरण सुरक्षा समितीकडे गेले. त्याच्या आधी, जून महिन्यात, जबाबदार राज्यपद्धती व जनमतकौल यांची तरतूद असलेला तडजोडीचा मसुदा समोर असताना निजामाने तो स्वीकारला नाही. जगातील दूरदूरचे दरवाजे ठोठावण्यात आले, पण प्रजेचा दरवाजा तेवढा ठोठावला गेला नाही.

याच काळात कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेचा उपद्रव गावोगाव वाढला. धर्मभेदाच्या चौकटीत ही घटना पूर्णतः बसत नाही. इमरोज पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. स्वामीजी त्या वर्षाच्या जानेवारीपासून तुरुंगात होते.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ सप्टेंबरला सुरक्षा समितीने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. आठ मते अनुकूल पडली, विरोधी एकही नव्हते, आणि चीन, सोव्हिएत रशिया व युक्रेन तटस्थ राहिले. अमेरिका अनुकूल मत देणाऱ्यांत होती. तेथील वाद मुख्यतः हैदराबादला राज्य या नात्याने तक्रार करण्याचा अधिकार पोहोचतो की नाही, या मुद्द्याभोवती फिरला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि २२ सप्टेंबरला तार करून तक्रार मागे घेतली. दोन शतकांहून अधिक काळ टिकलेली सत्ता पाच दिवसांत कोसळली. एवढ्या लवकर ती का कोसळली? तिचा पाया राज्याच्या आत नव्हता, बाहेर होता. आणि तो १९४७ मध्येच निघून गेला होता.

तथापि येथेच लेखणी थांबविणे इतिहासास धरून होणार नाही. १७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा मुक्तिदिन होय. त्यास लोकशाहीचा जन्मदिन म्हणता येणार नाही. कारवाईनंतर अनेक जिल्ह्यांत मुसलमान रयतेवर भीषण सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा करून संपूर्ण संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून ही संख्या किमान पाच हजार होती. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांचे अत्याचार खरे होते, म्हणून हा सूड क्षम्य ठरत नाही; आणि हा सूड घडला, म्हणून मुक्तीचे प्रयोजन खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिण्याचे धैर्य हे लोकशाही समाजाच्या इतिहासलेखनाचे पहिले लक्षण होय. शस्त्राने जुलमी सत्ता हटविता येते. नागरिकाला नागरिकाविषयी वाटावयाचा विश्वास शस्त्राने निर्माण होत नाही.

लोकशाही आली ती १९५२ मध्ये. तोपर्यंत आधी मेजर जनरल चौधुरी यांचा लष्करी अंमल आणि नंतर वेल्लोडी यांचे नियुक्त सरकार होते. १९४९ मध्ये जहागिऱ्या नष्ट झाल्या. मग पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत मिळाले. संस्थानच्या विधानसभेत काँग्रेसला बहुमत मिळाले आणि बी. रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. पण बीड लोकसभा मतदारसंघाने काँग्रेसचा उमेदवार निवडला नाही. पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे, म्हणजेच अंबाजोगाईचे बाबासाहेब परांजपे, निवडून आले. स्वामीजी स्वतः काँग्रेसतर्फे गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले. १९६७ मध्ये याच बीडने साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर निवडून दिले.

या निकालांचा अर्थ पक्षीय हारजितीपलीकडे जातो. ज्या पक्षाच्या नेतृत्वाने मुक्तिलढा दिला, त्याच पक्षास या जिल्ह्याने पहिल्याच संधीस नकार दिला. आणि या नकारासाठी कोणासही तुरुंगात जावे लागले नाही की कोणाची फौज बोलवावी लागली नाही. राज्यकर्त्यास अभय देणारी कोणतीही बाह्य शक्ती आता उरली नव्हती. त्यास अभय मिळणार होते ते पाच वर्षांपुरते, आणि तेही मतदाराकडूनच.

तात्पर्य, महासत्ता राज्यकर्त्यास तारू शकते किंवा त्याचा त्याग करू शकते. पण त्यास उत्तरदायी बनवू शकत नाही. ते काम प्रजेलाच करावे लागते, आणि त्यासाठी आधी शाळा, परिषदा, सत्याग्रह यांतून नेतृत्व घडवावे लागते. १९४८ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये दिंद्रुडच्या माणसाच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. १९५२ मध्ये त्याच्या वतीने कोणी बोलण्याची गरज राहिली नाही. त्याने स्वतःच मतपेटीत कागद टाकला.