कराटे प्रशिक्षक

कराटे प्रशिक्षक : ओकिनावा बेटावर घडलेली कराटे ही निःशस्त्र युद्धविद्या शिकवणारी व्यक्ती. जपानी परंपरेत प्रशिक्षकाला ‘सेन्सेई’ असे संबोधतात. महाराष्ट्रातील वर्गांत ‘सर’ आणि ‘मॅडम’ ही संबोधनेही तितकीच रूढ आहेत. सरावाच्या जागेला दोजो म्हणतात. आपल्याकडे शाळेचे सभागृह, सोसायटीचा हॉल किंवा मोकळे मैदानही दोजो होते. स्थानिक क्लबमध्ये मुख्य प्रशिक्षक, सहप्रशिक्षक आणि वरच्या पट्ट्याचे विद्यार्थी मिळून वर्ग सांभाळतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकापर्यंत ओकिनावात ही विद्या गुरूच्या घरी, मोजक्या शिष्यांना आणि बहुधा गुप्तपणे शिकवली जाई. ती शाळेत नेण्याचे मोठे श्रेय इतोसु आंको (१८३१–१९१५) यांना जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ओकिनावातील शाळांत कराटेचे पाठ सुरू केले आणि १९०८ मध्ये शिक्षण खात्याला लिहिलेल्या पत्रात या विद्येचे स्वरूप व उपयोग दहा कलमांत मांडले. मुलांना झेपतील असे ‘पिनान’ हे पाच काता, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींचे संच, त्यांनी रचले. पुढे अनेक शैलींच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा तो पाया ठरला. एकाच वेळी अनेक मुलांना रांगेत उभे करून, तोंडी आज्ञा देऊन शिकवण्याची पद्धत शालेय कराटेतून रुजली.

इतोसु यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हे व्यवसायाने शाळाशिक्षक होते. १९२२ मध्ये त्यांनी तोक्योत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे तेथेच राहून शिकवले. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी रूढ केलेली दान, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणींची पद्धती त्यांनी स्वीकारली व १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. गोजू-र्यू शैलीचे संस्थापक मियागी चोजुन यांनी मात्र आपल्या शिष्यांना दान दिले नाहीत. श्रेष्ठ गुरूंमध्येही पट्ट्याविषयी एकमत नव्हते, हे यातून दिसते.

जपान कराटे असोसिएशनची स्थापना १९४९ मध्ये झाली. नाकायामा मासातोशी यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने प्रशिक्षक घडवण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. १९५७ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत कानाझावा हिरोकाझु व मिकामी ताकायुकी होते. संस्थेचे अनेक प्रशिक्षक पुढे परदेशी गेले : कासे ताइजी पॅरिसला, शिराई हिरोशी मिलानला, एनोएदा केइनोसुके ब्रिटनला. युरोपातील शोतोकान शैलीच्या क्लबांची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

श्रेणी व पात्रता : पांढऱ्या पट्ट्यापासून तपकिरी पट्ट्यापर्यंतच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात. क्यूचा आकडा उतरत जातो, तसा दर्जा वाढतो. काळ्या पट्ट्यापासून दान श्रेणी सुरू होते आणि ती बहुतेक संघटनांत दहाव्या दानपर्यंत जाते. मधल्या पट्ट्यांचे रंग शैलीनुसार बदलतात. पहिले दान मिळाले म्हणजे मूलभूत तंत्रे पक्की झाली, एवढेच मानले जाते. शिकवण्याची पात्रता वेगळी असते. जपान कराटे असोसिएशन प्रशिक्षक, पंच आणि परीक्षक अशा तीन निरनिराळ्या पात्रता देते. त्यामुळे शिकवण्याचा अधिकार असलेल्याला पट्ट्याची परीक्षा घेण्याचा अधिकार असतोच असे नाही. अनुभवी गुरूंसाठी शिहान, तर उच्च श्रेणीसाठी रेन्शी, क्योशी व हान्शी या पदव्या वापरल्या जातात.

कामाचे स्वरूप : वर्गाचा आरंभ व शेवट ‘रेई’ने, म्हणजे वाकून केलेल्या नमस्काराने होतो. अंग मोकळे करून घेतल्यावर किहोन (मूलभूत तंत्रे), काता आणि कुमिते (जोडीने केलेला लढतीचा सराव) हे तीन भाग घेतले जातात. मुख्य प्रशिक्षक अभ्यासक्रम ठरवतो, विद्यार्थी बेल्ट परीक्षेला कधी बसेल हे सांगतो आणि सहप्रशिक्षक तयार करतो. रांगांतून फिरून कोणाचा गुडघा आत वळतो, कोणाची मूठ सैल राहते, कोणाची टाच उचलली जाते हे पाहून तेथल्या तेथे सुधारण्याचे काम सहप्रशिक्षकाचे. नव्या मुलाला गी, म्हणजे सरावाचा पोशाख घालायला, पट्ट्याची गाठ मारायला आणि रांगेत उभे राहायला बहुधा सेन्पाई, म्हणजे वरिष्ठ विद्यार्थी शिकवतो. प्रशिक्षकपदाची उमेदवारी येथूनच सुरू होते.

सहा वर्षांचे मूल, शाळेतील खेळाडू आणि चाळिशीतील नवशिका यांना एकाच मापाने शिकवता येत नाही. लहान मुलांना तोल, अंतराचा अंदाज आणि सूचना ऐकण्याची सवय आधी लावावी लागते. स्पर्धक घडवणाऱ्याला जागतिक कराटे महासंघाचे बदलते नियम माहीत असावे लागतात. तोक्यो २०२० ऑलिंपिकमध्ये कराटेचा समावेश होता. पॅरिस २०२४ मध्ये तो नव्हता.

सुरक्षितता : दातांचे रक्षक, हातमोजे व नडगीचे पॅड असल्याशिवाय मुलांना मोकळ्या लढतीत उतरवू नये. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ किंवा गोंधळलेपण जाणवल्यास विद्यार्थ्याचा त्या दिवसाचा सराव थांबवून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. तंत्र सुधारताना अंगाला हात लावणे अपरिहार्य असते. म्हणून आधी सांगून, सर्वांसमोर आणि गरजेपुरताच स्पर्श करणे हा शिस्तीचा भाग आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायदा, २०१२ नुसार अशा अपराधाची माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने केलेला अपराध हा कायदा अधिक गंभीर मानतो.

भारतातील स्थिती : १९७० च्या दशकात ब्रूस लीच्या चित्रपटांनी भारतीय तरुणांत युद्धकलांची ओढ निर्माण केली. लीची विद्या कुंग फूची असली, तरी त्या लाटेचा लाभ कराटेच्या वर्गांनाही झाला. पुढे शाळांमधून आणि मुलींसाठीच्या स्वसंरक्षण शिबिरांतून कराटे पसरले. शैली व संघटना अनेक असल्याने काळ्या पट्ट्याचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. अनेक प्रशिक्षक नोकरी सांभाळून संध्याकाळी वर्ग घेतात. त्यांच्या चिकाटीवरच गावोगावचे क्लब उभे आहेत.

मूल्यमापन : क्लबची पारख करताना भिंतीवरील चषकांपेक्षा प्रत्यक्ष वर्ग पाहणे अधिक उपयोगी पडते. प्रशिक्षक कोणाकडे शिकला हे मोकळेपणाने सांगतो का, परीक्षेत विद्यार्थ्याला थांबवण्याचे धैर्य दाखवतो का, पालकांना सराव पाहू देतो का आणि सर्वांत मागच्या रांगेतील मुलाकडे त्याचे लक्ष असते का, हे पालकांनी पाहावे. या चारही प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळाले, तर त्या क्लबवर विश्वास टाकायला हरकत नाही.