पाहणे वेगळे, ओळखणे वेगळे

मराठीतल्या ‘साक्षी’ या शब्दात ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे. अरबीतून उर्दूत आलेल्या ‘शाहिद’ या शब्दाचा अर्थही जो हजर होता, ज्याने पाहिले, असाच आहे. ‘चश्मदीद गवाह’ मिळाला की वाद मिटला, असे आपण सर्वजण मानतो. पण एखादी घटना पाहणे वेगळे आणि ती करणाऱ्या अनोळखी माणसाचा चेहरा नंतर ओळखणे वेगळे. हा फरक न्यायालयांच्या ध्यानात यायला फार काळ लागला. त्याची किंमत निरपराध माणसांनी मोजली. त्यांपैकी एकाची हकीकत आम्ही येथे सांगत आहोत.

१६ डिसेंबर १८९५ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर ॲडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थाला एका बाईने अडवले. स्वतःला उमराव म्हणवून याने आपली घड्याळे व अंगठ्या लांबवल्या, असा तिचा आरोप होता. बेक मूळचा नॉर्वेचा. त्याने स्वतःच पोलिसाकडे जाऊन या बाईची तक्रार केली, पण अटक झाली ती त्यालाच. अशाच तऱ्हेने फसलेल्या आणखी स्त्रिया होत्या. त्यांना माणसांची रांग दाखवण्यात आली. रांगेत पिकलेल्या केसांचा आणि मिशांचा एकटा बेकच होता. एकामागून एक स्त्रियांनी त्याच्याकडे बोट दाखवले. हाच १८७७ साली अशाच फसवणुकीत शिक्षा झालेला जॉन स्मिथ, असे एका जुन्या पोलिसानेही सांगितले. त्या काळात आपण दक्षिण अमेरिकेत होतो, असे बेकचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी तो पुरावा पुढे येऊच दिला नाही. मार्च १८९६ मध्ये त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

ज्यूरीने विश्वास का ठेवला? या स्त्रियांचे बेकशी वैर नव्हते. त्या ठगाशी त्या समोरासमोर बोलल्या होत्या. त्यांच्यापैकी अनेक जणी ठामपणे बोलत होत्या आणि संख्येनेही पुष्कळ होत्या. त्या खोटे बोलत नाहीत ना, एवढे सर्वांनी पाहिले. त्या चुकत तर नाहीत ना, हे मात्र कोणी पाहिले नाही.

१८९८ मध्ये इंग्लंडच्या गृहखात्याला तुरुंगाच्या नोंदीतून कळले की स्मिथ यहुदी होता व त्याचा खतना झालेला होता. बेकचा झालेला नव्हता. म्हणजे हे दोघे एक असणे शक्यच नव्हते. तरीही बेकचा फक्त कैदी क्रमांक बदलला, शिक्षा तशीच राहिली. १९०१ मध्ये तो सुटला. १९०४ मध्ये पुन्हा तोच आरोप झाला, पुन्हा स्त्रियांनी त्याला ओळखले आणि पुन्हा तो दोषी ठरला. या वेळी न्यायाधीशांच्या मनात शंका आली व त्यांनी शिक्षा सुनावणे लांबणीवर टाकले. बेक कोठडीत असतानाच तशीच फसवणूक झाली आणि जुलै १९०४ मध्ये खरा ठग अंगठ्या गहाण ठेवताना सापडला. बेकला माफी व पाच हजार पौंड भरपाई मिळाली. १९०७ मध्ये इंग्लंडात फौजदारी अपील न्यायालय स्थापन होण्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा होता.

येथे आम्हाला मुहद्दिसांची आठवण होते. हदीसच्या रावीची पारख करताना त्यांनी दोन कसोट्या वेगळ्या ठेवल्या. एक ‘अदालत’, म्हणजे तो सचोटीचा आहे का. आणि दुसरी ‘ज़ब्त’, म्हणजे त्याने ऐकलेले नेमके जपले आहे का. माणूस कितीही नेक असला तरी स्मरण कच्चे असेल तर त्याची रिवायत कमजोर ठरे. बेकच्या खटल्यात फक्त पहिली कसोटी लावली गेली.

दुसरी कसोटी इंग्रजी कायद्यात स्पष्ट शब्दांत आली ती १९७६ मध्ये, टर्नबुल खटल्यात. प्रामाणिक साक्षीदारही चुकू शकतो आणि अनेक साक्षीदार एकच चूक करू शकतात, हे न्यायाधीशाने ज्यूरीला बजावलेच पाहिजे, असे अपील न्यायालयाने ठरवले. साक्षीदाराने किती वेळ पाहिले? अंतर किती होते? उजेड कसा होता? मध्ये आडोसा होता का? पूर्वीची ओळख होती का? पाहणे आणि ओळखणे यांत किती दिवस गेले? असे साधे प्रश्न त्यात आहेत.

साक्षीदाराच्या ठामपणाचे काय? १९७९ मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी लुटुपुटीची चोरी घडवून तिच्या साक्षी लोकांना ऐकवल्या. बरोबर ओळखणारा व चुकीचा ओळखणारा यांच्यातला फरक ऐकणाऱ्यांना सांगता येईना. ठाम बोलणारा त्यांना खरा वाटे. अलीकडच्या अभ्यासाने यात एक भर घातली आहे. परेड नीट घेतली असेल, तर पहिल्याच ओळखीच्या वेळी साक्षीदाराला वाटलेली खात्री बरीच उपयोगी असते. महिन्यांनंतर कोर्टात दिसणारी खात्री तशी नसते. तोपर्यंत तोच चेहरा पुन्हा पुन्हा दाखवलेला असतो आणि मन पक्के झालेले असते.

मुंबईत ११ जुलै २००६ रोजी लोकलमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यातही हाच प्रश्न उभा राहिला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. टॅक्सीचालकांनी शंभराहून अधिक दिवसांनी केलेली ओळख न्यायालयाला विश्वासार्ह वाटली नाही आणि ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकार नव्हता, ही त्यातली दोन कारणे. राज्य सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला, हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, असे सांगितले. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही. स्फोटात माणसे गमावलेल्या घरांनाही खरा गुन्हेगारच हवा असतो. चुकीची ओळख त्यांच्याही पदरात न्याय टाकत नाही.

आपण कोणी न्यायाधीश नाही. पण मोहल्ल्यात चोरी झाली, वर्गात कुणाचे पाकीट हरवले, की ‘याला मी पाहिले’ म्हणणारा पुढे येतो आणि आपण लगेच त्याचा चेहरा, त्याचे घराणे, त्याचा आवाज पारखतो. तेव्हा आणखी थोडे विचारायला हवे: कुठून पाहिलेस, किती वेळ, उजेड होता का, आणि याचे नाव तुला आधी कुणी सांगितले? विचारण्याने खऱ्या साक्षीदाराचा अपमान होत नाही. न विचारल्याने मात्र एखाद्या बेकची वर्षे जातात.