मोहावे रस्ता

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय भागात, कोलोरॅडो नदीच्या पश्चिम तीरापासून मोहावे वाळवंट आडवे ओलांडीत जाणारा जो सुमारे २२० किलोमीटरांचा कच्चा रस्ता जीपगाडीच्या शौकिनांना मध्यम अवघड म्हणून ठाऊक आहे, तो कोणा इंजिनीयराने नकाशावर पट्टी ठेवून आखलेला नाही. त्याची आखणी पाण्याने केली. पायूट ओढा, रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज, सोडा स्प्रिंग्ज आणि पुढे ॲफ्टन दरीत वाळूखालून वर येणारी मोहावे नदी, हे पाणवठे साधारण एकेका मजलेच्या अंतराने पडले आहेत, आणि वाट त्यांनाच धरून जाते.

हे पाणवठे प्रथम ज्यांनी जाणले ते नदीकाठी शेती करणारे मोहावे लोक होत. किनाऱ्यावरील शिंपल्यांच्या व्यापारासाठी त्यांची माणसे याच वाटेने थेट प्रशांत महासागरापर्यंत पायी जात, आणि १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री हे वाळवंट ओलांडता झाला तो त्यांच्याच वाटाड्यांच्या भरवशावर. १८२६ मध्ये आलेल्या जेडेडाया स्मिथ या अमेरिकन प्रवाशाचेही त्यांनी स्वागत केले. परंतु पुढच्याच वर्षी तो परत आला तेव्हा नदी ओलांडताना त्यांनी हल्ला करून त्याची दहा माणसे मारली. वाट आपली, पाणी आपले, आणि परके मात्र वाढत चाललेले, एवढे त्यांना उमगले असावे.

१८५७ मध्ये अमेरिकन सरकारकडून एडवर्ड बील यास पस्तिसाव्या अक्षांशालगत गाडीरस्ता शोधण्याची कामगिरी मिळाली आणि तिच्यासाठी त्याच्या दिमतीस चक्क उंट देण्यात आले. कोलोरॅडो ओलांडताना काही घोडी व खेचरे बुडाली, उंट मात्र पोहून सुखरूप पार झाले. तरीही हा प्रयोग लष्करी दप्तराने पुढे गुंडाळूनच ठेवला, आणि खेचरांना सरावलेल्या हाताखालच्या माणसांना तो प्राणी कधी रुचलाही नाही. वसाहतवाल्यांवरील हल्ल्याच्या निमित्ताने १८५९ मध्ये नदीकाठी फोर्ट मोहावे ही छावणी पडली, आणि ॲरिझोनातील प्रेस्कॉटकडे जाणारे टपाल या वाटेने सुरू झाल्यावर एकेका झऱ्यावर शिपायांचे ठाणे बसले. १८६७ च्या ऑक्टोबरात मार्ल स्प्रिंग्जच्या ठाण्यातील मोजक्या शिपायांनी रात्रभर वेढा सोसला, आणि सकाळी फौजेची तुकडी येताच तो उठला. परंतु १८६८ मध्ये टपालाचा मार्ग बदलताच सारी ठाणी ओस पडली. ज्या पराक्रमाचा पुस्तकांतून एवढा गाजावाजा होतो, तो जेमतेम काही वर्षांचा. आणि शतकानुशतके हे पाणी राखणाऱ्यांच्या वाट्याला मात्र त्याच पुस्तकांत दोन-चार ओळी येतात, हे मला न्याय्य वाटत नाही.

१८८३ मध्ये दक्षिणेकडून आगगाडी गेली आणि वाट विस्मृतीत गेली. डेनिस केसबियर या अभ्यासकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतर ती पुन्हा शोधून, वळणावळणावर दगडांच्या राशी रचून वाहन नेण्याजोगी केली. १९९४ पासून तिचा मोठा भाग मोहावे नॅशनल प्रिझर्व्हमध्ये मोडतो.

आज दोन-तीन दिवसांत ती पार होते. मात्र उंच बांध्याची, चारही चाकांना गती देणारी गाडी हवी, वाळूत टायरांतील हवा कमी करावी लागते, आणि वाटेवर पेट्रोल मुळीच मिळत नसल्याने ते बरोबर घ्यावे लागते. पायूट ओढ्यालगत जुन्या ठाण्याच्या दगडी भिंतींचे अवशेष उभे आहेत. तेथील दगड हलवू नयेत. सोडा सरोवराचा कोरडा पांढरा तळ मात्र पाऊस पडून गेला असेल तर वरून घट्ट दिसतो आणि आत गाडी गिळतो. अशा वेळी वळसा घालून जावे.