‘देवानांप्रिय’ ह्या शब्दाचा अर्थ

कौमुदीचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें, “गुरुजी, येथें ‘देवानांप्रिय’ म्हणजे मूर्ख असें आहे, मग अशोकानें स्वतःस तसें कां म्हणवून घेतलें?” बौद्धांच्या द्वेषानें वैदिक पंडितांनीं राजाच्या बिरुदाची शिवी केली, हें सर्वत्र ऐकूं येणारें उत्तर मीं देऊन टाकलें. निवृत्तीनंतर मूळ ग्रंथ सावकाश पाहण्यास अवसर मिळाला, तेव्हां तें उत्तर टिकत नाहीं असें दिसून आलें. त्या विद्यार्थ्याचें देणें फेडावें म्हणून हें टिपण.

प्रथम शिलालेख पाहूं. इ. स. १८३७ त प्रिन्सेपनें ब्राह्मी लिपि उलगडली, तेव्हां ‘देवानंपिय पियदसि’ हा राजा कोण, हें त्यास ठाऊक नव्हतें. सिंहलद्वीपाच्या तिस्स राजाचें बिरुद तेंच असल्यामुळें त्याची दृष्टि आधीं तिकडे गेली. दीपवंसाच्या आधारें टर्नरनें तो राजा अशोक असल्याचें दाखविलें. अशोक हें नांव बिरुदासह दगडावर कोरलेलें मिळालें तें १९१५ त, मास्की येथें. पण हें बिरुद अशोकाच्या एकट्याचें नव्हे. त्याचा नातू दशरथ नागार्जुनी टेकडींतील लेणीं आजीविकांस देतांना तेंच लावतो. आणि आजीविक हे बौद्ध नव्हेत. याहून मोलाचा पुरावा आठव्या शिलालेखाचा. पूर्वींचे राजे करमणुकीसाठीं विहारयात्रेस जात, असें सांगतांना गिरनारच्या पाठांत ‘राजानो’ असें पद आहे; कालसीच्या पाठांत त्याच जागीं ‘देवानंपिया’ असें बहुवचन आहे! म्हणजे अशोकापूर्वींच्या राजांसही तें चालत असे. आपल्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ त जो तुकडा मिळाला, तो याच आठव्या लेखाचा. मात्र तो तुकडाच असल्यानें या मुद्द्यासाठीं गिरनार व कालसी येथील ठसेच पाहावे लागतात. जैनांच्या अर्धमागधी आगमांत ‘देवाणुप्पिय’ हें याच घरचें संबोधन पदोपदीं येतें. तेथें राजा राणीस तसाच सेवकांसही तें लावतो. अर्थात् हा शब्द मुळांत कोणा एका पंथाचा नव्हता; तो सभ्य बोलण्यांतला होता.

आतां व्याकरण. निंदा दाखवावयाची असतां समासांत षष्ठीच्या प्रत्ययाचा लोप होत नाहीं, असें पाणिनीचें सूत्र आहे (६.३.२१). त्यावरील वार्तिकांत हा शब्द येतो. सूत्र निंदेचें, म्हणून शब्दही निंदेचा, असा समज झाला. आणि मीही अनेक वर्षें तसेंच शिकवीत आलों. परंतु शेजारचीं वार्तिकें पाहावीं. ‘वाचोयुक्ति’, ‘दिशोदंड’, ‘आमुष्यायण’ हे शब्द तेथें आहेत. अमुक थोराच्या कुळांतला, ह्या अर्थाच्या ‘आमुष्यायण’ शब्दांत निंदा कोठून येणार? सूत्राच्या कक्षेबाहेरचीं रूपें गोळा करण्यासाठींच हीं वार्तिकें आहेत, हें उघड आहे. शिवाय पतंजलि ५.३.१४ वर भवान्, दीर्घायु, आयुष्मान् ह्यांच्या पंक्तीस ‘देवानांप्रिय’ बसवितो. ही पंगत आदराची आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापन केलेल्या कीलहॉर्नच्या महाभाष्याच्या आवृत्तींत हें कोणासही पाहतां येईल.

तथापि त्याच भाष्यांत (२.४.५६) सारथि व वैयाकरण ह्यांचा गमतीचा संवाद आहे. शब्दाची चूक काढणाऱ्या वैयाकरणास सारथि आधीं ‘आयुष्मन्’ म्हणतो, आणि मग नियम जाणतो पण रूढि जाणत नाहीं अशा त्या पंडितास ‘देवानांप्रिय’ म्हणतो. ह्यांत आदर किती व टोमणा किती, हें ज्याच्या त्याच्या कानानें ठरवावें. मला तरी टोमणा ऐकूं येतो. आपण मराठींत एखाद्यास ‘शहाणा आहेस’ म्हणतों, तसाच.

द्वेषाची उपपत्ति कालक्रमानेंही अडते. अशोकानंतर सुमारें नऊशें वर्षांनीं बाण हर्षचरितांत हा शब्द मानानेंच योजतो. ब्रह्मसूत्रभाष्यांत (१.२.८) आचार्य प्रतिपक्ष्यास तो उपरोधानें लावतात, काव्यप्रकाशांत मम्मट विरोधी मीमांसकांस लावतो, ह्या दोन्ही जागीं वाद बौद्धांशीं नाहीं. बाराव्या शतकांत कोशांत मूर्खाच्या पर्यायांत त्याची नोंद करणारा हेमचंद्र तर जैन! वादसभेंतील गोड बोलणें फार वापरून आंबट झालें, एवढेंच मला दिसतें. बौद्धांविषयींच्या अनादराचा त्यास हातभार लागला असेल. पण तो मूळ कारण म्हणून सांगण्यास आधार नाहीं. मूर्ख हे देवांचे पशु, म्हणून देवांस प्रिय, असें टीकाकार बृहदारण्यकाच्या वळणानें समजावितात, ती मागाहून सुचलेली युक्ति होय.

भट्टोजीच्या कौमुदींत वार्तिकापुढें ‘मूर्खे’ हें एक पद आहे. महाभाष्यांत तें नाहीं. त्या एका पदानें पुढील पिढ्यांस शिकविलें. ज्यांच्या संग्रहीं प्रक्रियाकौमुदीच्या किंवा सिद्धांतकौमुदीच्या जुन्या पोथ्या असतील, त्यांनीं अलुक्-समासाचें प्रकरण काढून तें पद ओळींत आहे कीं समासांत, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागेंत, आहे, व हात तोच आहे कीं निराळा, एवढें पाहून कळवावें.