अंश तोच, छेद बदलतो

कळव्याच्या बाजारात एका नारळवाल्याने सकाळी आणलेल्या नारळांपैकी १/३ नारळ विकले. दुपारी उरलेल्यांपैकी १/४ विकले. संध्याकाळी १८ नारळ शिल्लक राहिले. सकाळी किती होते?

हे उदाहरण शेवटाकडून सोडवा असे सांगितले, की काही विद्यार्थी हमखास असे करतात: १/४ गेले होते, म्हणून १८ मध्ये १८चा १/४ मिळवायचा. उत्तर येते साडेबावीस नारळ! वजाबाकीच्या उलट बेरीज, हे त्यांचे बरोबर आहे. मग चुकले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे निदान साडेआठशे वर्षे लिहून ठेवलेले आहे. उलट क्रमाने गणित सोडवण्याची रीत त्याहूनही जुनी. आर्यभटांनी इ. स. ४९९च्या सुमारास 'आर्यभटीया'त ती एका श्लोकात सांगितली: गुणाकाराच्या जागी भागाकार, भागाकाराच्या जागी गुणाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी आणि वजाबाकीच्या जागी बेरीज करावी. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ११५०च्या 'लीलावती'त हाच व्यस्तविधी, म्हणजे विलोमविधी, मांडताना अपूर्णांकांसाठी स्वतंत्र नियम दिला. राशीत तिचाच अंश मिळवला असेल, तर छेदात अंश मिळवून नवा छेद घ्यावा. वजा केला असेल, तर छेदातून अंश वजा करावा. अंश मात्र तोच ठेवावा. मग बाकीची क्रिया उलट करावी.

'लीलावती'तील उदाहरण पाहा. एका संख्येला ३ने गुणले, गुणाकारात त्याचाच ३/४ मिळवला, ७ने भागले, आलेल्या भागाकारातून त्याचाच १/३ वजा केला, बाकीचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, ८ मिळवले, १०ने भागले. उत्तर २ आले. आता उलट चालू. २ × १० = २०; वजा ८, १२; वर्ग १४४; अधिक ५२, १९६; वर्गमूळ १४. येथे १/३ वजा झाला होता, म्हणून १/२ मिळवायचा: २१. गुणिले ७, १४७. येथे ३/४ मिळवला होता, म्हणून ३/७ वजा करायचा: १४७ − ६३ = ८४. भागिले ३, उत्तर २८.

नियमामागचे कारण फळ्यावर चार चौकोन काढून दाखवता येते. चार भागांत तीन मिळवले की सात होतात. परत जाताना तीनच भाग काढायचे, पण ते आता सातांपैकी तीन आहेत. म्हणजे भाग तेवढेच राहिले, 'पूर्ण' मात्र बदलले. आपला विद्यार्थी जुन्या पूर्णाचा अपूर्णांक नव्या पूर्णाला लावतो. चूक आहे ती एवढीच. नारळांच्या उदाहरणात १८ मध्ये १/३ मिळवून २४ आणि २४ मध्ये १/२ मिळवून ३६ नारळ येतात.

कळवा ज्या रेल्वेमार्गावर आहे, तोच कल्याण, मनमाड करीत चाळीसगावला जातो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचा शके ११२८चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ज्या नियमावर आपली मुले आज अडखळतात, तो ज्या ग्रंथात आहे तो शिकवण्याची सोय तेव्हा मुद्दाम केली गेली होती.

बीजगणित आले की 'क्ष' मानून ही उदाहरणे सुटतात. पण 'कशाचा अंश?' हा प्रश्न सुटत नाही. वर्गात विचारून पाहा: पगार शेकडा २५ने वाढला, तर मूळ पगारावर येण्यासाठी शेकडा किती कपात करावी लागेल? २५ असे उत्तर आले, तर चार चौकोन पुन्हा काढावेत.